उजवीकडचा रकाना

२ जानेवारी, द्रोसोपेत्रा

पोचले बाई एकदाची! अकरा वर्षांत पहिल्यांदाच औषधाच्या दुकानाला चार दिवस कुलूप लावलंय. आमच्या त्रिकाला शहरातल्या लोकांनी खुशाल खोकावं. चार दिवस डोंगरात पायपीट करायची, पोटभर खायचं आणि कुणाचंही अक्षर वाचायचं नाही, असं ठरवून आले आहे. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी निम्मी हयात गेली.

बसमधून उतरणारी मी एकटीच. गावात धूर निघणारी घरं मोजून पाच. मी उतरलेय ते घर गारूफोबाईंचं. वय पंचाहत्तरीचं, पण जिभेला धार आहे. माझी पाठपिशवी बघून म्हणाली, चार दिवसांसाठी आलीस की नांदायला? लगेच साखरेत मुरवलेला अक्रोड आणि गार पाणी पुढे केलं. बाई आवडली मला.

तिचा भाऊ झिसिस स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खाटेवर पडून असतो. त्याच्या छातीतला आवाज मी दारातूनच ऐकला. औषधवालीचे कान आहेत, फसत नाहीत. हा माणूस महिना काढेल तर खूप. गारूफो त्याला चमच्याने सूप पाजत होती आणि माझ्याकडे बघून उगाच हसत होती. मला वाईट वाटलं.

जेवताना तिने माझं बाप्तिस्म्याचं नाव विचारलं. सहा तारखेला, पाण्याच्या सणाला पाद्रीबाबा येणार, त्यांना द्यायच्या कागदावर पाहुण्यांचं नावही घालतात म्हणे. थेक्ला, म्हटलं. डावीकडे घालीन हो, जिवंतांत, असं म्हणून स्वतःच खळखळून हसली. आमच्या आईचीही हीच पद्धत. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे हयात माणसं, उजवीकडे गेलेली. अनोळखी बाईने माझ्यासाठी प्रार्थना मागावी, किती बरं वाटलं!

३ जानेवारी

सकाळी ओकच्या रानातून दगडी पुलापर्यंत उतरले. थंडी कडाक्याची, पण ऊन स्वच्छ. गुडघे कुरकुरले, मी लक्ष दिलं नाही.

पुलाजवळ स्तेर्गिओस नावाचा मेंढपाळ भेटला. कुठे उतरलात, विचारलं. सांगितलं. किती दिवस? सहापर्यंत, म्हटलं. त्याने काठीने खालची वाट दाखवली. मग म्हणाला, ताई, बर्फ पडायच्या आत आजच पायी खाली उतरून जा. मी हसून म्हटलं, का हो, माझे पाय मोडतील असं वाटतंय? पायांचं कोण बोलतंय, म्हणाला आणि कुत्र्यांवर खेकसत निघून गेला. विचित्रच माणूस.

येताना चर्चमध्ये मेणबत्ती लावायला थांबले. मेणबत्त्यांच्या खणात जुने नावांचे कागद दोऱ्याने बांधून ठेवलेले. वाचायचं नाही ठरवलं होतं, पण सवय जाते कुठे? सगळे एकाच हातचे. गारूफोच्या दारावर ‘बूट बाहेर काढा’ लिहिलंय, तेच वाकडं अक्षर. गेल्या वर्षीच्या कागदावर उजवीकडे सगळ्यात खाली आनेस्तिस. त्याच्या आदल्या वर्षी एफ्तेर्पी. दोन्ही नावांची शाई बाकीच्यांपेक्षा ताजी.

घरी येऊन पाहुण्यांची वही चाळली. आनेस्तिस, गाव द्रामा, गेल्या जानेवारीत, माझ्याच खोलीत. गारूफोला विचारलं तर हळहळली. बिचारा दरीत घसरला गं, सणाच्याच दिवशी, भर दुपारी.

मग त्याचं नाव गेलेल्यांत घातलेल्या त्या कागदावर तारीख पाच कशी? पाचला तर तो जिवंत होता.

४ जानेवारी

बर्फ पडलं. घाटरस्ता बंद. सहाला सकाळी बर्फ काढणारी गाडी येईल, तिच्यातूनच पाद्रीबाबाही येतील.

झिसिस आज खाटेवरून उठला! दोन वाट्या सूप प्यायला, वर चीजही मागितलं. अंगणात लाकडं फोडत होता. मी अवाक झाले. ती छाती अशी दोन दिवसांत मोकळी होत नाही, कुठल्याही औषधाने नाही. आणि खोकतेय मी. पहाटेपासून हात गार आहेत, चुलीशी धरले तरी गारच.

गारूफोने दुपारी वाडगा आणून दिला. उकडलेले गहू, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. मी म्हटलं, अहो, हे मेलेल्यांसाठी करतात! ती म्हणाली, उरले होते, टाकायचे कशाला? कुणासाठी केले होते ते काही सांगितलं नाही. मी वाडगा तसाच परत केला.

ती कोंबड्यांकडे गेली तेव्हा देवाच्या तसबिरीमागे हात घातला, आमची आईही कागद तिथेच ठेवायची. कागद तिथेच होता. डावीकडे सात नावं, त्यांत झिसिस. उजवीकडे शेवटी एफ्तेर्पी, आनेस्तिस. त्याच्याखाली थेक्ला.

तोंडावर विचारलं. डोळे गेले गं माझे, रकाना चुकला, म्हणाली. डोळे गेले म्हणे! काल सुईत दोरा ओवत होती ही बया.

फोनला रेंज फक्त चर्चच्या अंगणात. लीयाला फोन केला. माझी लेक लारिसा शहरात नर्स आहे. आधी हसली, आई, कागदाने कोणी मरतं का? मग माझा खोकला ऐकला आणि ताप किती, विचारलं. सहाला बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग येते म्हणाली. ये, म्हटलं. लवकर ये.

५ जानेवारी

पायीच निघाले होते. दरीवरच्या वाटेवर पायाखालचा दगड सुटला. आपोआप. मी झुडूप धरलं म्हणून आज लिहितेय. रांगत परत आले.

गारूफो दारातच उभी होती. आलीस? एवढंच म्हणाली. ताट माझं मांडलंच नव्हतं.

झिसिस गालांवर लाली घेऊन बसलेला. त्याला एकट्याला गाठून खडसावलं. लाजला तरी म्हातारा. म्हणाला, नाव खोडता येतं, ओळ रिकामी ठेवता येत नाही. रिकामी ठेवली तर ती घरातलं माणूस नेते. दोन वर्षांपूर्वी मीच जायचा होतो, बहिणीचा जीव माझ्यावर, काय करेल ती? मी म्हटलं, आणि माझा जीव? त्याने चुलीत लाकूड सारलं.

मग मी अगदी गोड आवाजात विचारलं, बहिणीचं बाप्तिस्म्याचं नाव काय हो? त्याने सांगितलं.

चार वाजता गारूफोने कागद चर्चमध्ये नेऊन ठेवला होता. ती परतल्यावर मी तिथे गेले. माझं नाव खोडलं. खाली लिहिलं, गारिफालिया. स्वच्छ अक्षरात, पाद्रीबाबांना लागेल असं. लाज वाटतेय. वाटू दे. मला जगायचंय.

घरी येईपर्यंत हात गरम झाले होते.

६ जानेवारी, सकाळ

बर्फ काढणारी गाडी आली. पाद्रीबाबा आले. बहिरे आहेत ठार. कागद घेऊन वेदीच्या पडद्याआड गेले.

खोकला गेला. पूर्ण गेला.

गारूफोने कागद पाहिला होता. तिला कळलंय. रडेल, अंगावर येईल वाटलं — ती चर्चच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाली, अगं वेडे, पाद्रीबाबा आडनाव वाचत नाहीत. माझी वहिनी गारिफालिया, पुतणी गारिफालिया, मावशी गारिफालिया. दोघी गेल्या, एक परदेशात. ओळ लिहिणारीच्या जवळची बघते. आज डोंगरावर दुसरी कोण आहे का बघू, म्हणाली. गंमत केल्यासारखं.

आणि मग मला —

देवा. सासूबाई. बाप्तिस्म्याला लेकीचं नाव आजीचं ठेवतात. सासूबाई गारिफालिया. मला ती बाई डोळ्यांसमोर नको होती, म्हणून तिचं नाव घरात उच्चारू दिलं नाही मी. सव्वीस वर्षं लीया, लीया, लीया. बाप्तिस्मा झाला त्या दिवसानंतर एकदाही —

मीच लिहिलं. माझ्या हाताने.

आत धावले. झिसिस पडद्यापुढे उभा. बायकांनी आत जायचं नाही, म्हणाला. बोचकारलं त्याला. किती जोर आलाय त्याच्यात! उचलून बाहेर आणून ठेवलं मला. आतून कडी घातली. ओरडले, दार बडवलं — बहिरे आहेत ते —

अंगणात आहे. फोन लावतेय. वाजतोय. उचलत नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच शिकवलंय तिला.

पुन्हा वाजतोय. एका हातात फोन, दुसऱ्यात पेन्सिल, लिहीत राहिले की डोकं ताळ्यावर राहतं.

खिडकीतून ऐकू येतं सगळं. डावा रकाना संपला. पाद्रीबाबांनी झिसिसचं नाव वाचलं. आता उजवा.

लीयाची लाल गाडी दिसली. खाली, तिसऱ्या वळणावर. हळू चालवतेय. शहाणी आहे माझी पोर. थांब ना गं — हात केले, ओढणी हलवली — तिने दिवे लावून दाखवले. तिला वाटतंय मी खुशीत —

एफ्तेर्पी.

गाडी दरीवरच्या वळणाशी —

आनेस्तिस.

लीया, थांब, ली