चाखणं म्हणजे खाणं नव्हे

५ मार्च
आजपासून लिहायचं. डॉक्टर मिन म्हणाल्या, गोळी रोज किती वाजता घेतली ते लिहून ठेवा. पोरगी माझ्या लेकीपेक्षा, हेसुकपेक्षा, सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. मी तिसरीत शाळा सोडली. तेव्हाही बाईंचं ऐकलं नव्हतं. वही कोणाला दाखवायची नाही. अक्षर वाकडं आहे, आणि बाकीचं माझं मला.

तर वय त्रेचाळीस. आठवा आठवडा. गळ्यातला थायरॉईड आळशी झालाय म्हणे. रक्तातला कसलासा आकडा आठ पूर्णांक दोन आला, तो अडीचच्या खाली पाहिजे. नाहीतर बाळाच्या मेंदूला कमी पडतं. कधीकधी बाळ टिकतच नाही. मागल्या वर्षीचं तिसऱ्या महिन्यात गेलं. ते यानेच का, असं विचारलं. म्हणाल्या, आता सांगता येत नाही. सांगता येत नाही तर इतकं शिकल्या कशाला.

एक गोळी. पहाटे, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर काही खायचं नाही. लोहाची गोळी चार तासांनंतर. एवढंच. महिन्यात आकडा खाली आणते. वीस वर्षं गिजांगच्या बाजारात मियोक विकतेय मी, पोटुश्या-बाळंतिणी खातात ते समुद्रातलं शेवाळ. एक गोळी म्हणजे काय मोठंसं.

६ मार्च, पहाटे ५
गोळी घेतली. पेला खाली ठेवते तोच सासूबाई मियोकचं सार घेऊन दारात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. पोटुशी बाई उपाशी कशी बसलीय, म्हणाल्या, आणि वाडगं हातात देऊन समोर उभ्या राहिल्या. रिकामं होईपर्यंत हलत नाहीत. हेसुकच्या वेळी असंच, वीस वर्षांपूर्वी. प्यायले. गोळी आधी निघाली होती, ती पुढेच असणार.

थायरॉईडचं त्यांना सांगितलेलं नाही. उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर. घाबरत मी कोणाला नाही.

९ मार्च, पहाटे ४
सासूबाईंच्या आधी उठले. गोळी घेतली. साडेचारला सार आलं. उद्या साडेतीनला उठणार.

१० मार्च, पहाटे ३.३०
सासूबाई चुलीपाशीच होत्या. म्हणाल्या, तुला झोप लागत नाहीसं दिसतंय, म्हणून मीही लवकर उठले. दोन वाडगी.

१५ मार्च
झोपले ती साडेसहाला उठले. अंगात ओल्या वाळूचं पोतं भरल्यासारखं झालंय. चूक हेसुकच्या बाबांची, घरातली जमीन खालून नको तितकी तापवून ठेवतात. तरी मला थंडी वाजते, तीही चूक त्यांचीच.

वेळ गेला म्हणून दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या. पोटात त्या एकमेकींना अडवतात, असं डॉक्टर मिन म्हणाल्या होत्या. माझ्या पोटात कोणी कोणाला अडवत नाही.

२१ मार्च
हंगाम सुरू. वाळलेल्या मियोकच्या गड्ड्या छतापर्यंत. दोन्ही बाजूंनी माल, मधे मी आणि माझं पोट. दुकानात मियोक, घरात मियोक, हे समुद्रावरून आले की त्यांच्या बुटात मियोक. जायचं म्हटलं तरी जाणार कुठे.

आज एका बाईने लेकीच्या बाळंतपणासाठी लांब पानांची मियोक घेतली आणि घासाघीस करायला लागली. मी म्हटलं, बाळंतिणीच्या मियोकचा भाव पाडतेस? ती पानं आम्ही वाकवतसुद्धा नाही, बाळाची वाट मोडेल म्हणून, आणि तू भाव मोडतेस? निमूट पैसे मोजले. जाताना म्हणाली, तुमचं आणि माझ्या लेकीचं पोट सारखंच दिसतंय, आजी. आजी! मी तिला पाठीमागून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

माझ्या दुकानाची रीत अशी की गिऱ्हाईक आलं की पानाचा कोपरा तोडायचा, त्याच्यासमोर तोंडात टाकायचा आणि सांगायचं, हे मऊ, हे चिवट, हे साराला, हे नुसतं खायला. तोंड हललं नाही तर माल हलत नाही. शेजारची मांदेलीवाली बोंगजा अशीच सुकी मांदेली चघळत बसते. वीस वर्षं आम्ही दोघी तोंड हलवत बसलोय, थोडं मालासाठी, बाकी लोकांच्या नावाने.

२ एप्रिल
आकडा अकरा.

रक्त तपासणाऱ्यांची चूक असणार. डॉक्टर मिन म्हणाल्या, चूक नाही. गोळीआधी किंवा गोळीनंतर लगेच काही खाता का? मी म्हटलं, मी काही खात नाही, मला खायला घालतात. काय घालतात? सार. कसलं? गिजांगमध्ये कसलं सार असणार, बाई.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मियोकमध्ये आयोडीन भरपूर, म्हणाल्या. थोडं बरं. रोज एवढं झालं की आळशी थायरॉईड आणखी गप्प बसतो. बाळाचाही. गोळी वाढवली. सार बंद.

वीस वर्षं पोटुश्यांना मियोक विकणाऱ्या बाईला सांगतात मियोक बंद. मी म्हटलं, तुमच्या आईने तुमच्या वेळी काय खाल्लं होतं? म्हणाल्या, मियोकच. पण तिचा आकडा अकरा नव्हता.

ठीक आहे. सार बंद. उद्याच सासूबाईंना सरळ सांगते.

३ एप्रिल
सासूबाईंचे गुडघे दुखत होते. अशा दिवशी सांगू नये. एक वाडगं.

५ एप्रिल
मळमळतंय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मळमळीवर साराएवढं चांगलं काही नाही. दोन वाडगी.

८ एप्रिल
नवी युक्ती. गोळी घेतली आणि पहिल्याच बसने दुकान गाठलं. युक्ती साधी असली की फसत नाही.

आठला सासूबाई बसने आल्या. साराचा डबा शालीत गुंडाळून, पोटाशी धरून. बोंगजा आणि अर्धा बाजार बघत होता. म्हणाल्या, धावपळीत विसरलीस. बोंगजा म्हणाली, वैनी, नशीब लागतं अशी सासू मिळायला. सगळ्यांसमोर प्यायले. डबा घेऊन परत जाताना त्यांनी हळूच सांगितलं, मागल्या वर्षी मी कमी पडले, हंगामाच्या गडबडीत तुला रोज सार दिलं नाही. या वेळी एक दिवस चुकवणार नाही.

म्हणजे त्यांना वाटतं, ते बाळ त्यांच्यामुळे गेलं.

आता हे कसं सांगायचं. सांगणार आहे. पुढच्या आठवड्यात.

१६ एप्रिल
सांगितलं!

ठरवून नाही. सकाळी वाडगं पुढे आलं आणि तोंडातून निघालं : आई, हे बाळाला बाधतंय, डॉक्टरांनी बंद केलंय, माझा थायरॉईड बिघडलाय, तुमचं काही चुकलेलं नाही, मागल्या वर्षीही नव्हतं. एका दमात. हेसुकचे बाबा चमचा हातात धरून तसेच राहिले. वर्षभरात त्यांच्या कानावर एवढं बोलणं एकदम पडलं नसेल.

सासूबाईंनी वाडगं उचललं. म्हणाल्या, कधीपासून माहीत आहे? मी म्हटलं, थायरॉईडचं दीड महिना झाला, साराचं दोन आठवडे. त्या म्हणाल्या, अस्सं. मग आत जाऊन मुळ्याचं सार चढवलं.

सांगण्यासारखं सोपं काही नाही. लोक उगाच घाबरतात.

१७ एप्रिल, पहाटे ५
गोळी. सहाला मुळ्याचं सार. लोहाची गोळी दहाला. आकडा आता दगडासारखा खाली येणार.

दुकानात गर्दी. दिवसभर तोंडाला विश्रांती नाही.

२४ एप्रिल
गर्दी. या वेळचा माल गोड आहे, एक कोपरा तोंडात टाकला की दुसरा आपोआप जातो. घरी भूकच लागत नाही. गोळीचा गुण. केस मात्र गळतायत. पहिल्या गोळीचा उरलेला दोष असेल.

३० एप्रिल
चौदा पूर्णांक सहा.

डॉक्टर मिन आज चिडल्या नाहीत, तेच वाईट. बाळाचे ठोके ऐकवले. मग म्हणाल्या, सोळावा आठवडा आहे, आपल्याकडे फार वेळ नाही. घरी मियोक कुठून तरी पोटात जातेय. शोधा.

घरी. म्हणजे सासूबाई.

१ मे
शोधलं. मुळ्याचं सार गाळून बघितलं. मीठ चाटलं. मसाल्याचे डबे हुंगले. तांदळात हात घातला. किमचीच्या मडक्यात कोपरापर्यंत गेले. काही नाही. म्हातारी हुशार आहे.

शेवटी तोंडावर विचारलं. आई, तुम्ही चोरून कशात काय घालता? माझं बाळ आहे हे. हेसुकचे बाबा म्हणाले, अगं. मी म्हटलं, तुम्ही मधे बोलू नका. तसे ते बोललेच नव्हते.

सासूबाईंनी ओला हात पदराला पुसावा तसा कमरेच्या फडक्याला पुसला आणि म्हणाल्या, परवा दवाखान्यात मी येते.

येऊ दे. डॉक्टरांसमोरच निकाल लागेल.

३ मे
निकाल लागला.

डॉक्टर मिननी सासूबाईंना नम्रपणे विचारलं, आजी, जेवणात काय काय असतं? सासूबाईंनी एकेक सांगितलं. भात, मुळा, टोफू, अंडं, मासा. मियोक एक पान नाही, समुद्राचं दुसरं काही नाही. सोळा एप्रिलपासून मीही खाल्लेली नाही, म्हणाल्या. घरात वास नको म्हणून.

मग डॉक्टर मिन माझ्याकडे वळल्या. दुकानात काही खाता का? मी म्हटलं, नाही.

सासूबाई म्हणाल्या, शेळीसारखी चरते.

मी म्हटलं, ते चाखणं आहे. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. तो माझा धंदा आहे. डॉक्टर मिन म्हणाल्या, दिवसाला किती वेळा? मी म्हटलं, गिऱ्हाईक येईल तसं. म्हणजे किती? मी हिशेब करायला लागले आणि मधेच थांबले. साधारण चाळीस. गर्दी असली तर साठ. वाळलेली आहे ती, पोटात जाऊन दहापट फुगते. हे मीच वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेय.

डॉक्टर मिननी तो आकडा लिहून घेतला. 

बाहेर आल्यावर म्हटलं, माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंत? सासूबाई म्हणाल्या, मी सार दिलं तर बाधलं, म्हणून तोंड उघडायची भीती वाटत होती. आणि तू म्हणायचीस, कामात बोलू नका.

बसमध्ये खिडकीकडे बघत बसले. मीठ चाटणं, मडक्यात हात, सगळं आठवत होतं. मुक्कामाला यायच्या आधी म्हटलं, चुकलं माझं. इंजिनाचा आवाज फार होता. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. परत म्हणायचं धाडस झालं नाही.

४ मे
डॉक्टरांचा हुकूम : दुकानात बसायचं नाही. समोर माल असला की हात जाणार, म्हणाल्या. हात माझा आहे, माझ्या ताब्यात आहे, असं मी सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही.

दुकान सासूबाई बघणार. गुडघे धड नाहीत, मऊ-चिवट कळत नाही, गिऱ्हाइकावर ओरडता येत नाही. दोन दिवसांत मला बोलवायला येतील. चप्पल दाराशीच ठेवलीय.

७ मे, पहाटे ५
गोळी. सहाला भात आणि अंडं, मीच केलं. दहाला लोह.

बोलवायला कोणी आलं नाही.

१३ मे
घर स्वच्छ. परत स्वच्छ केलं. भिंतीवरची घड्याळं मोजली, एकच आहे. समुद्र दिसतो, पण वास यायला नको म्हणून खिडकी मीच बंद ठेवते. तोंड रिकामं. काय चघळू? जीभ चघळते.

हेसुकचा फोन आला. म्हणाली, आई, तू घरी बसलीस? बरी आहेस ना? मी म्हटलं, मी स्वतःहून विश्रांती घेतेय. पलीकडे ती बराच वेळ हसत होती.

२० मे
आज पोटात पहिल्यांदा हललं. उथळ पाण्यात मासा वळावा तसं. दिवसभर मी जागेवरून उठले नाही, परत हलेल म्हणून. हललं नाही. मग मुळा चिरत असताना हललं. सासूबाई घरी आल्यावर सांगितलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. म्हणाल्या, ओरडत नाहीस ना उगाच? मी म्हटलं, कोणावर ओरडू, घरात कोण असतं?

२४ मे
बोंगजा भेटायला आली. मांदेली आणली आणि बाजारातलं सांगितलं. मी म्हटलं, माझ्याशिवाय दुकानाचं काय झालं ते मला हळूच सांग, मी सोसायला तयार आहे. ती म्हणाली, वैनी, शरदातल्या सणापर्यंत पुरेल म्हणत होतीस ना, तो माल संपला.

म्हातारी चाखत नाही, ओरडत नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणते, आमच्या मियोकमध्ये इतका जोर आहे की माझ्या सुनेच्या रक्तात सापडली. दवाखान्यात कागदावर आकडा आला. डॉक्टरांना तिला दुकानातून उठवावं लागलं. जपून घ्या, रोज थोडीच खा. बाया ऐकतात आणि दोन-दोन गड्ड्या नेतात. पलीकडच्या गावाहून येतात.

मी म्हटलं, माझ्या आजारावर धंदा? बोंगजा म्हणाली, परवा एकीने तुझा आकडा विचारला. मी चौदा सांगितला. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, पूर्णांक सहा.

२८ मे
दोन पूर्णांक चार.

डॉक्टर मिन पहिल्यांदा हसल्या. बाळाची वाढ नीट आहे. पुढेही चार आठवड्यांनी रक्त बघायचं, पण आता घाबरायचं कारण नाही. म्हणाल्या, छान केलंत, या महिन्यात नेमकं काय केलंत?

खूप आठवलं. म्हटलं, काही नाही. गोळी घेतली आणि घरी बसले.

म्हणाल्या, ऑक्टोबरपर्यंत हेच करा.

२९ मे, पहाटे ५
गोळी घेतली. पोटात पाण्याशिवाय काही नाही. सासूबाईंची पहिली बस सव्वापाचची. दारापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, लांब पानांची गड्डी बांधताना पेंढ्याची दोरी सैल ठेवा, आणि घासाघीस करणारीला दम द्या. त्या बूट घालत म्हणाल्या, दम लागत नाही. मग वर बघून म्हणाल्या, बाहेर गार आहे, तू आत थांब.

थांबले.