सुलाबाईंच्या नावावर खपवलेला वास

दिनांक : २ जून २०२५

प्रति,
मा. जिल्हा पुरवठा अधिकारी (ग्राहक संरक्षण शाखा),
परभणी.

अर्जदार : रोहिणी धम्मदीप वाव्हळे, शिक्षिका, रा. झरी, ता. जि. परभणी.

विषय : गाडीच्या ए.सी.तून गरम हवा येण्याचे कारण न शोधता, गाडीतील दुर्गंधीचा ठपका आजारी वृद्धेवर ठेवणाऱ्या गॅरेजमालकास समक्ष बोलावणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने आपल्या शाखेत केलेली तोंडी तक्रार.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या सासूबाई सुलाबाई यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या असून त्यांना डायलिसिससाठी वरचेवर झरीहून परभणीस न्यावे लागते. अर्जदाराचे पती गंगाखेडला नोकरीस असल्याने गाडी अर्जदार स्वतःच चालवते. एप्रिलच्या उन्हात काचा उघडाव्यात तर फुफाटा आत येतो आणि सासूबाईंना धाप लागते. सबब या गाडीचा ए.सी. ही चैन नाही, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे.

२. एप्रिलच्या सुरुवातीस सदर ए.सी. गरम हवा फेकू लागला. अर्जदाराने गाडी जिंतूर रोडवरील 'शीतधारा कार ए.सी.' या गॅरेजात नेली. मालक श्री. जीवन ढगे यांनी बॉनेटही न उघडता निदान केले, "ताई, गॅस उतरलाय. भरून देतो, काश्मीर व्हतंय बघा." गॅस भरला. गॅरेजात उभ्या गाडीत हवा गार आली. गाडी रस्त्याला लागली, खड्ड्यात आदळली आणि हवा पुन्हा गरम झाली. अर्जदार परत गेली, तेव्हा पुन्हा गॅस भरण्यात आला. त्यानंतरच्या खेपेस "कॉम्प्रेसरच गेलाय" असे सांगून कॉम्प्रेसर बदलण्यात आला. खड्ड्यानंतरच ए.सी. का बिघडतो, असे अर्जदाराने विचारले असता, "तुमी शाळा शिकवा, गाडी आमच्यावर सोडा," असे उत्तर मिळाले.

३. याच सुमारास गाडीत दुर्गंधी येऊ लागली. ए.सी. चालू करताच ती तोंडावर येई. अर्जदाराने हे सांगितल्यावर श्री. ढगे यांनी खिडकीतून आत डोके घातले. मागच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यादेखत ते म्हणाले, "गाडीत काय न्हाई. आजारी म्हातारं माणूस बसल्यावर वास येणारच की, मावशी." असे म्हणून त्यांनी आरशाला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली अडकवली. त्या दुर्गंधीत मोगरा मिसळला म्हणजे काय होते, हे अर्जदार शासकीय भाषेत मांडू शकत नाही.

४. त्या दिवसापासून सुलाबाई घरी दिवसातून दोन-दोनदा अंघोळ करू लागल्या. लुगड्याला पावडर लावू लागल्या. जेवताना पोरांपासून लांब बसू लागल्या. पुढे डायलिसिसला निघायच्या वेळी त्या उंबऱ्यातच बसून राहिल्या. "माझा वास यायलाय म्हणतेत. म्या न्हाई बसत गाडीत," एवढेच बोलल्या. अर्जदार हातापाया पडली तरी त्या उठल्या नाहीत. डायलिसिस चुकले, अंगावर सूज चढली, श्वास अडकला आणि त्यांना दवाखान्यात भरती करावे लागले.

५. सासूबाई आत ऑक्सिजनवर असताना अर्जदार दवाखान्याच्या आवारात गाडीत बसली होती. गाडीच्या पुस्तिकेत पाहून तिने समोरचा सामानाचा कप्पा सोडवला आणि त्यामागची, ए.सी.ची हवा गाळणारी जाळी ओढली. जाळीसोबत सुतळीचे तुकडे, कापूस आणि एक मेलेला उंदीर बाहेर आला. तो अर्धा जाळीलाच चिकटलेला होता. अर्जदाराने नाकाला पदर लावला नाही. असल्या वासाचे खापर आपण एका जित्या माणसावर फुटू दिले, याची तिला त्या वासापेक्षा जास्त लाज वाटली. उंदीर आहे तर वायरीही कुरतडल्या असतील, म्हणून तिने दुसऱ्या गॅरेजात त्या तपासून घेतल्या. कॉम्प्रेसरला जाणारी वायर दातांनी तुटत आली होती. गाडी आदळली की तिचा जोड सुटत होता. वायर जोडली आणि हवा गार झाली. गॅस व कॉम्प्रेसर यांचा काहीएक दोष नव्हता.

६. अर्जदाराने सदर उंदीर डब्यात घालून श्री. ढगे यांच्यासमोर ठेवला. त्यांनी रुमालाने नाक धरून कळविले की, उंदीर त्यांच्या कामाच्या हमीत बसत नाही. तसेच ते म्हणाले, "ह्यो उंदीर आमच्या गॅरेजातला कशावरून? खेड्याकडचा दिसायलाय." सासूबाईंबाबत विचारता ते म्हणाले, "मी आपला अंदाजानं बोललो. एवढं मनाला लावून घ्यायचं काय?" त्यानंतर त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे बॉनेट न उघडताच त्यास गॅस उतरल्याचे सांगितले.

७. सुलाबाई आता घरी परतल्या आहेत. अर्जदाराने त्यांना जाळी दाखवली, फोटो दाखवले, उंदराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि अर्जदाराच्या तोंडावरून हात फिरवला. "लय गुणाची हायस. मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस." अर्जदार ही सून आहे, आणि सुनेचे म्हणणे त्या माया समजतात. गाडीत त्या आता बसतात, पण त्या गार हवेतही काच खाली करून तोंड बाहेर काढून बसतात. फुफाट्याने खोकल्याची उबळ आली तरी काच वर करू देत नाहीत.

८. तरी विनंती की, श्री. जीवन ढगे यांना झरी येथे अर्जदाराच्या घरी येण्याबाबत आपल्या स्तरावरून समज देण्यात यावी. त्यांनी सुलाबाईंसमोर बसावे आणि तो वास उंदराचा होता, मावशी, तुमचा नव्हता, एवढे वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणावे. अर्जदाराची अन्य कोणतीही मागणी नाही. त्या दिवशी अर्जदार त्यांना चहाही देईल.

सासूबाईंची प्रकृती पाहता हे लवकर व्हावे, इतकेच मागणारी,

आपली नम्र,
(सही)
रोहिणी धम्मदीप वाव्हळे

सोबत : जाळी व तुटलेल्या वायरीचे फोटो, दवाखान्याचे कार्ड.