मध्यंतरातलं पाकीट

प्रिय लेकी जोडी,

काल टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. परत तेच. "सतराव्या वर्षी माझ्या सख्ख्या बापाने मला स्टेजवरून हाकललं." अगं, किती वेळा सांगशील? पाच अल्बम आले, बक्षिसं मिळाली, जग पालथं घालून झालं, तरी तुझी गाडी आपल्या बार्न्सली गावातल्या त्या कामगारांच्या क्लबपाशीच अडलेली. मुलाखत घेणारी बाई डोळे पुसत होती आणि इथे तुझे बाबा उठून चहा टाकायला गेले. चहा नुकताच झाला होता.

हाकललं म्हणजे काय, ते लंडनच्या लोकांना काय कळणार? गाणाऱ्याचा पहिला भाग पडला की क्लबच्या सेक्रेटरीने मध्यंतरातच पैशांचं पाकीट हातात ठेवायचं आणि मागच्या दाराने घरी पाठवायचं, ही रीतच. सेक्रेटरी बाबा होते, भल्याभल्यांना त्यांनी असं पाठवलंय. आणि तू तरी काय केलंस? लोक बिंगोच्या खेळाची वाट बघत बसलेले, त्यांना सोबत म्हणता येतील अशी ओळखीची गाणी हवीत, आणि तू स्वतः रचलेली चार रडगाणी एकापाठोपाठ एक लावलीस. शेजारची डोरीन मला विचारते, "ब्रेंडा, कुणी गेलंय का गं?" गाणी चांगली होती, आज सगळा देश म्हणतो. पण त्या रविवारी दुपारी ती कुणाला हवी होती?

तेव्हापासून तू बाबांशी बोलत नाहीस. एकोणीस वर्षं झाली. ते मात्र रेडिओवर तुझं प्रत्येक गाणं ऐकतात आणि वर मलाच सुनावतात, दुसऱ्या कडव्यात घाई केली पोरीने. वैताग आलाय मला तुम्हा दोघांचा. एकाच मातीचे, हट्टी. मंगळवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. जोडीला कळवू का विचारलं, तर म्हणाले, "तिचे कार्यक्रम चालू असतील, कशाला त्रास."

आता खरं काय ते ऐक. पाकीट त्यांनी दिलं, पण द्यायला लावलं मी. पहिला भाग संपल्यावर ते माझ्यापाशी येऊन म्हणाले होते, "लोक गेले खड्ड्यात, पोरगी दुसऱ्या भागातही गाणार." तुझा आवाज ऐकून मला कळून चुकलं होतं की ही आता इथे राहत नाही, आणि एकुलती एक पोर घालवायची माझी तयारी नव्हती. मी रडले, अडून बसले, तेव्हा कुठे ते उठले. आणि झालं काय, दुसऱ्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. माझं नाव सांगू नका, अशी मी त्यांना गळ घातली होती. त्या माणसाने आजतागायत सांगितलं नाही. मीही गप्प राहिले, कारण तू निदान माझ्याशी तरी बोलत होतीस. आता माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण सोमवारी हॉस्पिटलात ये. भेटायची वेळ दोन ते चार आहे, तेवढा वेळ मी बाहेर बसेन.

तुझीच,
आई