भिंतीतली वायर आणि पलीकडची टाचणी

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त ऑपरेटर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान अजून तिखट आहेत आणि गुडघे सोडले तर कशाबद्दल तक्रार नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण घेणाऱ्यातली मी नव्हे, हे घरातले सगळे शपथेवर सांगतील. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, पुढे करण्याचा विचार नाही.

कलम १. घराचा भिंतीच्या अलीकडचा भाग माझ्या नावावर आहे. तो मुलगा आणि सूनबाई यांना सारखा मिळावा. भिंत का आली हे पुढच्यांना ठाऊक असावं म्हणून लिहिते. माझे यजमान आणि धाकटे दीर मिळून तसबिरींना चौकटी करण्याचं दुकान चालवीत. नवी पाटी रंगवून आली, तिच्यावर धाकट्या भावाचं नाव आधी. चूक रंगाऱ्याची. पण भावांनी एकमेकांचं तोंड पाहायचं सोडलं, दुकान मोडलं आणि घराच्या मधोमध भिंत उठली. आम्हां दोघी जावांना कोणी काही विचारलं नाही. या भिंतीत खाली कोपऱ्यात एक भोक आहे, ते बुजवू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलाला. यजमानांची करवत, रंधा आणि काच कापायचा हिरा पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला. तिचा हात बापावर गेला आहे. ती भांडणाची पाटी मी माळ्यावरून काढून कीबोर्डखाली घेतली आहे, नावं खालच्या बाजूला करून. ती तशीच राहू द्यावी.

कलम ३. कॉम्प्युटर, माउस आणि हेडफोन सूनबाईला, तिने नाक मुरडलं तरी. "आई, या वयात हे ढिशांव ढिशांव शोभतं का?" असं ती मला विचारत आली आहे. शोभतं.

कलम एकमधलं भोक माझ्या मुलाने आणि पुतणीने पाडलं. त्यातून वायर घालून, बापांच्या नकळत, दोन घरांतले कॉम्प्युटर जोडून ती दोघं मैदानातल्या गोळीबाराचा तो खेळ खेळायची. मुलं मोठी झाली, कामाला लागली, वायर तेवढी राहिली. एका दुपारी घरात कोणी नव्हतं म्हणून मी सहज तो खेळ लावून बसले. समोरून एक बाहुली आली, डोक्यावर नाव 'टाचणी', आणि सरळ उकळत्या लाव्ह्यात चालत गेली. परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे वळली तेव्हा घाबरून मी रॉकेट सोडलं, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं बाई!"

किती वर्षांनी ऐकला तो आवाज. माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. टाचणी तीच. मला रडू आलं. डोळे पुसले आणि तिला आणखी एकदा उडवलं.

पुढे इंटरनेट आलं, मैदानात कुठले कुठले लोक येऊ लागले. पण संध्याकाळचा चहा झाला की आम्ही दोघी आधी खेळातल्या मधल्या पुलावर भेटायचो. एकीने दोनदा खाली बसून उठायचं, म्हणजे "बरी आहेस ना?" दुसरीने उडी मारायची, म्हणजे "आहे." मग खुशाल एकमेकींच्या जिवावर उठायचं. काय दिवस होते ते! भात करपला तरी कळायचं नाही.

धाकटे दीर गेले, त्यानंतर काही दिवसांनी ती मैदानात आली. बसली नाही, उडाली नाही, पुलावर नुसती उभी राहिली. यजमान तेव्हा हयात होते, मला पलीकडे जायची सोय नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बाकीच्यांनी आम्हाला उडवलं. आम्ही परत तिथेच आलो. पुन्हा उडवलं, पुन्हा आलो. शेवटी त्या अनोळखी लोकांनीच बंदुका आवरल्या. त्या संध्याकाळइतकी मी कोणाच्या जवळ गेलेली नाही.

म्हणून सूनबाई, आता नीट ऐक. आधी रिकाम्या मैदानात एकटी फिर. चिलखत कुठे मिळतं, रॉकेटची नळी कुठे, औषध कुठे, हे स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ कर. उचललेली वस्तू थोड्या वेळाने तिथेच परत येते, त्या बेताने तिथे हजर राहा. एका जागी थांबू नकोस. पावलांचे आवाज ऐक. मी जिंकत आले ती कानांच्या जोरावर. पायाशी रॉकेट मारून उडी घेतली की वरच्या सज्ज्यावर पोचतेस, पण स्वतःलाही भाजतं, म्हणून आधी चिलखत. मेलीस तर चिडू नकोस, लगेच उठता येतं. सुरुवातीला टाचणी तुझी चांगली धुलाई करील. करू दे. माझं 'हॅलो' हे नाव मात्र घेऊ नकोस, तिला क्षणभर मीच आल्यासारखं वाटेल. स्वतःचं नाव घे, पुलावर जा आणि दोनदा बसून ऊठ. मी गेल्यावर ती तिथे एकटी उभी राहता कामा नये. माझं मागणं एवढंच आहे.

कलम ४. रद्द. यात काचेचं कपाट धाकट्या जावेला दिलं होतं. आम्ही दोघींनी मिळून ते पुसून पुसून लख्ख ठेवलं होतं, भिंतीच्या आधी.

रद्द का, ते सांगते. यजमान गेले तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती. मुलाला म्हणाली, "ताईंनी बोलावलं तर येते." मी म्हटलं, "बोलवायचं काय त्यात? तिला घर माहीत नाही?" तेव्हापासून मैदानात रोज भेट आणि उंबऱ्यावर घोडं अडलेलं. मी मोठी आहे, बोलावणार नाही, हे लेखी देते. पण डोळे मिटण्याआधी ती या खोलीत बसलेली मला पाहायची आहे, हेही लेखी देते.

वकीलबाई म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतील. समोर बसून सही करतील असे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना नका घेऊ."

"आणि ज्याला काहीच मिळणार नाही त्याला?"

"त्याला चालेल."

"मग कपाट खोडा."

सबब धाकट्या जावेला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. कपाट मुलाला. साक्षीचं बोलावणं कायद्याचं आहे, माझं नव्हे, याची नोंद असावी.

पुरवणी. ही साक्षीदार आल्यावर लिहिली. वकीलबाईंच्या मते हिची गरज नाही.

धाकटी पुढच्या दाराने आली. चपला काढल्या, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, सही कुठे करायची?"

"आधी बस."

बसली. मग खुर्चीचा हात धरून उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. वकीलबाईंना वाटलं, कंबर धरली.

माझे गुडघे उडी मारण्याजोगे नाहीत. मी टेबलाला धरून दोन्ही टाचा उचलल्या.

लिहून ठेवणार: मोठी जाऊ, निवृत्त ऑपरेटर (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. धाकटी जाऊ, व्यवसाय शिवणकाम (सही)

स्थळ: राहतं घर, भिंतीच्या अलीकडची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तो, वेळ संध्याकाळच्या चहाची