मुंबई–दुबई तीन तास

शाहूपुरी, कोल्हापूर
४ मे १९८२

प्रिय सिकंदर,

सवयीनं 'प्रिय' लिहून गेले, तसंच राहू दे.

तुझं पत्र पोचलं. मुंबई ते दुबई एकोणीसशे किलोमीटर आहे, मनात आलं म्हणून उठून येता येत नाही, असं तू लिहितोस. पाच वर्षांपूर्वी जाताना रडणाऱ्या अम्माला तूच समजावलं होतंस की, सांताक्रूझला विमानात बसलं की तीन तासांत दुबई. एसटीनं मुंबई गाठायला अकरा तास लागतात, म्हणजे मुंबईपेक्षा दुबईच जवळ. अम्मानं ते इतकं मनावर घेतलं की गडहिंग्लजच्या मावशीलाही सांगायची, "माझा सिकंदर तीन तासांवर हाय."

तिच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय, ऑपरेशन लगेच करा, असं डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं. सिकंदर आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणून ती हटून बसली. मी तीन पत्रं घातली, तार केली. रजा मिळत नाही, मार्चमध्ये बघतो, असं तू कळवलंस. तिनं मार्चची वाट पाहिली. मार्च सरला. शेवटी एप्रिलमध्ये मी तिला बळेच मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. ठणका थांबेल, नजर येणार नाही." आता ती भिंत चाचपत मोरीपर्यंत जाते.

आपल्या गल्लीतला केरबा गुळाचा ट्रक घेऊन मुंबईला जातो, ते तुला ठाऊक आहे. परवा तो अम्माला बघायला आला. तिच्याजवळ बसला, मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि म्हणाला, "मेहमुदाताई, सांगू नको म्हणालाय, पर आता मला ऱ्हावंना. मार्चात सिकंदर मुंबईत भेटला हुता. मेव्हण्याच्या लग्नाला आलतो म्हणाला. धा दिवस हुता की."

मला आधी राग आलाच नाही. किळस आली. एकोणीसशे किलोमीटर तू उडून आलास आणि पुढचे चारशे तुला जड झाले. सासुरवाडीत दहा दिवस पंगती उठवल्यास, आणि त्याच दिवसांत इथं अम्मा अंधूक डोळ्यांनी उंबऱ्यात बसून होती. वर त्या सरळ माणसाला गप्प बसायला लावलंस. महिनाभर तो आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा. तू पाठवलेल्या साबणाचा वाससुद्धा मला आता सोसत नाही. सगळ्या वड्या भांडीवाल्या धोंडुबाईला देऊन टाकल्या.

हे वाचून तुला लाज वाटेल, या आशेनं मी लिहीत नाही. ऑपरेशननंतर दोन दिवस अम्मा तापात होती, डोळ्यांवर पट्टी. सारखी विचारायची, "आला का?" माझ्या तोंडून निघून गेलं की, आला होता, तू झोपेत होतीस, हात धरून बसला आणि विमानाची वेळ झाली म्हणून गेला. तेव्हापासून ती येईल त्याला हेच सांगते. परवा केरबालाही सांगितलं. तुझ्या तळहाताला घट्टे पडलेत, ते हाताला लागले, म्हणते. मी मधलं गाळते असा तिला संशय आहे, म्हणून तुझी पत्रं ती शेजारच्या आक्कांकडून वाचून घेते. तेव्हा पुढच्या पत्रात एवढंच लिही की, अम्मा, मिरजेला तुला बघून गेलो. खोटं कसं लिहायचं हे तुला शिकवायला नको. ते तुझ्याकडे मागताना मला माझीच शिसारी येते आहे, पण ती आक्कांकडे रोज चौकशी करते, सिकंदरचं पत्र आलं का म्हणून.

तुझीच थोरली बहीण,
मेहमुदा