खांद्याची कळ

नागपूर, आश्विन १९५६

तीर्थरूप मायच्या पायांवर सुभद्राचं डोकं.

तार पाहून घाबरली असशील. मी बरी आहे, आज पेज जेवली.

पाळी चुकली म्हणून आम्ही खुशीत होतो. मग थोडं थोडं रक्त जाऊ लागलं, पोटात उजवीकडेच दुखू लागलं. सासूबाई म्हणाल्या, "गरमीनं होते." एके सकाळी मी चुलीजवळ चक्कर येऊन पडली. ह्यांनी टांग्यानं दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि विचारलं, "खांदा दुखतो का?"

"घागर उचलून दुखून राहिला असेल," मी म्हटलं.

"घागरीनं नाही. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला, नळी फुटली. पोटात रक्त साचलं की खांद्यात कळ येते."

लगेच ऑपरेशन केलं.

बाळ गेलं, माय. पण दुसरी नळी चांगली आहे, पुन्हा दिवस राहतील, असं बाईंनी सासूबाईंनाही सांगितलं.

भावजय मनकर्णाला दिवस गेले ना? तिला असं दुखलं तर घरी बसवू नको, गोंदियाला दवाखान्यात ने.

बाबांचा खोकला कसा आहे? लवकर पिकणारा हलका धान कापला का?

दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला येईन. एकदा तुझ्या मांडीवर रडून घेईन, मग बांधाची मासोळी पोटभर जेवीन.

तुझीच,
सुभद्रा