बेचाळीस कांड्या निवडुंग

१७ जून १९९८
शाळेला कुंपण झालं! अख्ख्या कुडपणची गुरं वर्गात यायची. पोरांनी ओढ्यापलीकडून निवडुंग तोडून आणला — बेचाळीस कांड्या. एक तर मुळासकट. "बाई, हा नुसता वढला नि निघाला!" शाबासकी दिली. मीच सगळ्या एका मापात छाटून ओळीत लावल्या. चिकाने हात चुरचुरतायत.

२० जून
महाडच्या कॉलेजातल्या सरांचं पत्र. काटेरी झाडांचे गावाकडचे शब्द हवेत — अर्थ, वापर, शब्द आला कुठून. बरंच झालं. रिकामी बसले की लेक आठवते. एप्रिलमध्ये झाली, तिसऱ्या दिवशी गेली. मी तापात. सासरेच घेऊन गेले. कुठे पुरली, कुणी सांगत नाही! नवरा, भरत, मुंबईहून लिहितो — विसर आता. विसरते हं! जागासुद्धा कळू नये आईला?

२१ जून
निवडुंगापासून सुरुवात. शब्द कुठून आला, सासऱ्यांना विचारलं. "डोंगरातनं. त्याला काय एष्टी लागते?" हसले. मग एकदम ताटावरून उठले.

२२ जून
शाळा. पाऊस.

२४ जून
शेजारच्या चंद्रभागाआजीला विचारलं. ती सुईण, तिला सगळं ठाऊक. कागदावर लिहून घेतलं:
एक — कुंपणाचं काटेरी झाड.
दोन — 'निवडुंग लावला', म्हणजे तान्हं मूल गेलं.
"पोर मेला असा तोंडानं बोलत नाय गो. पुरला की वर निवडुंग लावायचा. कोल्हा उकरत नाय. निवडुंग रुजला म्हंजे पोर निजला."
"कुठे लावतात?"
"ओढ्यापल्याड. पोरांना नाय सांगत आमी. भितात."
पुढचं मला लिहिता आलं नाही.

२५ जून
ओढ्यापलीकडे गेले. नुसते खुंट. त्यांत एक खळगा, पाण्याने भरलेला. सासरे मागोमाग आले होते. खळग्याकडे बोट केलं. "हितं लावलावता. तुला सांगाया पायजे होता." म्हातारा रडला. मला रडूच येईना. माझीच शाबासकी कानात!

९ जुलै
कुंपण रुजलं. बेचाळीसच्या बेचाळीस कांड्यांना पानं फुटलीत. मुळासकटची कुठली, पोरांनाही आठवत नाही.